अर्धा मिलिमीटर

जानेवारीत मामांच्या गुऱ्हाळावर गेले होते. काहिल नुकतीच उतरली होती, वाफ्यात गूळ ओतायचं चाललं होतं आणि मामींनी नेहमीसारखी वाटीभर काकवी पुढं केली. कोमट होती. पहिल्याच घोटाला उजवीकडच्या खालच्या दाढेत अशी सणक गेली की वाटी हातात हिंदकळली. तीन-चार सेकंद राहिली आणि गेली. “काय झालं गं?” मामींनी विचारलं. “काही नाही, गरम लागलं,” म्हटलं.

त्या ‘काही नाही’त दोन महिने गेले. माठातलं पाणी डावीकडनं प्यायचं, गोड खाल्लं की लगेच चूळ भरायची. आजीनं लवंग धरायला सांगितली, ती धरली की बरं वाटायचं. दवाखान्यात मात्र गेले नाही, आणि त्याला कारण होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या वरच्या डाव्या दाढेत चांदी भरली होती. पंधरा मिनिटांत काम झालं. घरी येऊन चहाचा घोट घेतला तर कळ कानापर्यंत गेली. ‘होईल कमी’ असं सांगितलं होतं. कमी झालं नाही. महिन्याभरानं रात्रीचा ठणका सुरू झाला, मग रूट कॅनॉल, मग कॅप, आणि पाच वर्षांनी मुळाला तडा जाऊन दाढच काढावी लागली. चांदीखाली नस वाचवणारं अस्तर घातलं नाही म्हणूनच हे झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कीड आधीच आतपर्यंत गेलेली असू शकते. पण कीड किती खोल आहे, खाली किती दात उरलाय, भरल्यावर काय काय होऊ शकतं, यातलं एक अक्षर मला कुणी सांगितलं नव्हतं. ती तक्रार आजही आहे. दाढ गेली ती गेलीच.

मार्चमध्ये शेवटी आप्पाच ओरडले. आमचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. आप्पा लेथवर, भाऊ व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आणि मी इन्स्पेक्शनला. मशीनवर बनलेला तुकडा, म्हणजे जॉब, मापात आहे का ते बघायला दिवसभर माझ्या हातात व्हर्निअर नाहीतर मायक्रोमीटर असतो. दुपारी डबा खाताना मी एका बाजूनं चावते हे आप्पांनी बघितलं आणि म्हणाले, “जॉब रिजेक्ट झाल्यावर दाखवणार काय? आजच्या आज जा.”

राजारामपुरीत एका मॅडमकडं गेले. खुर्चीत बसवून आधी त्यांनी तोंडात बघितलंच नाही, प्रश्न विचारले.

“कळ किती वेळ टिकते, ताई?”

“तीन-चार सेकंद.”

“गार किंवा गोड तोंडातनं गेलं की थांबते?”

“लगेच.”

“रात्री झोपेतनं उठवते? आपोआप, काही न खाता दुखतं? चावताना?”

तिन्हीला नाही म्हटलं. मॅडमच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसलं. मग कापसाच्या बोळ्यावर गार स्प्रे मारून तो आधी पलीकडच्या चांगल्या दाढेला लावला, म्हणजे मला चांगल्या दाताचं गार कसं लागतं ते कळावं. नंतर दुखऱ्या दाढेला. सणक आली, जोरात आली, पण बोळा काढल्यावर चारच्या आत गेली. हीच दाढ मिनिटभर ठणकत राहिली असती तर बोलणं वेगळं झालं असतं, असं त्या म्हणाल्या. कळ येऊन लगेच जाते म्हणजे आतला पल्प, ज्याला आपण नस म्हणतो, चिडलाय पण मेलेला नाही. कळ रेंगाळायला लागली, रात्रीची उठवायला लागली, की तो सहसा परतीच्या पलीकडं गेलेला असतो.

मग आरव्हीजी, म्हणजे दाताचा डिजिटल एक्स-रे, काढला. स्क्रीनवर दाढ मोठी होऊन आली. वर पांढरंशुभ्र इनॅमल, त्याखाली करडं डेंटिन, मधोमध काळसर पोकळी, आणि त्या पोकळीला वर दोन शिंगं. ती पोकळी म्हणजे पल्प. उजवीकडून किडीची काळी सावली खाली उतरत एका शिंगाच्या अगदी जवळ आली होती. मधे करडी रेघ होती, पण बारीक.

“ही रेघ किती?” मी विचारलं.

“अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. फोटोत थोडं इकडं तिकडं होतं.”

अर्धा मिलिमीटर. वाचणाऱ्याला हा नुसता आकडा वाटेल. मी रोज तो बोटांनी अनुभवते. पाव मिलिमीटर जास्त निघालं तर जॉब भंगारात जातो. त्या रेघेकडं बघताना माझ्या पोटात खड्डा पडला.

मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. एक, थेट रूट कॅनॉल: पल्प काढायचा, मुळं भरायची, वर कॅप. दुसरी, बाजूची कीड पूर्ण काढायची, पण पल्पवरचा शेवटचा थर उगाच खरवडायचा नाही. त्यावर औषधी सिमेंटचं अस्तर घालून दाढ घट्ट बंद करायची आणि पल्पला सावरायला वेळ द्यायचा. दुसरीत खात्री नाही, पुढं रूट कॅनॉल लागूही शकतो. “पण जिवंत दात वाचवता येत असेल तर मी आधी तोच प्रयत्न करते,” त्या म्हणाल्या. मी विचारायला एक दिवस मागून घेतला.

घरी येऊन आप्पांना सांगितलं की आत लायनर घालणार आहेत. आप्पांनी क्षणभर विचार केला. “म्हणजे लेडलचं लायनिंग की गं.” फाउंड्रीत जे गेलेत त्यांना हे सांगायला नको. चौदाशे अंशांच्या आसपासचं वितळलेलं लोखंड ज्या लेडलमधनं ओततात तिचं कवच साध्या पोलादाचं असतं. आतून उष्णता सोसणाऱ्या रिफ्रॅक्टरीचं लायनिंग असतं म्हणून ती टिकते. लायनिंग पातळ झालं की बाहेरचा पत्रा लाल व्हायला लागतो. आप्पांच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला. “कर जा,” म्हणाले.

उपमा चांगली होती, पण मॅडमनी दुसऱ्या दिवशी ती दुरुस्त केली. पूर्वी चांदीखाली अस्तर घालायचं मोठं कारण उष्णताच होतं, कारण धातू गरम-गार झटकन आत पोचवतो. आता कळलंय की उष्णतेपेक्षा मोठा शत्रू जंतू. 1965 साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ले आणि फिट्झगेराल्ड या तिघांनी उंदरांच्या दाढा पल्पपर्यंत उघड्या करून तशाच सोडल्या. नेहमीच्या उंदरांचा पल्प सडला. जे उंदीर जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढवले होते, त्यांच्या दाढेत त्याच जखमेवर डेंटिनचा नवा पूल तयार झाला. जखम तीच, फरक फक्त जंतूंचा. म्हणून अस्तर कशाचं आहे याच्याइतकंच महत्त्वाचं काय, तर वरचं झाकण किती घट्ट बसलंय.

इंजेक्शननं दहा मिनिटांत खालचा ओठ जड झाला. मग दाढेभोवती रबर डॅम: रबराचा पातळ चौकोन, त्याला एक भोक, भोकातून फक्त माझी दाढ वर. क्लॅम्प बसताना हिरडीवर दाब आला, दुखलं नाही. आधी कुणी माझ्या तोंडात हे लावलं नव्हतं. लाळेबरोबर जंतू खड्ड्यात उतरू नयेत म्हणून ते. नाकानं श्वास घ्यायची सवय लागायला दोन मिनिटं गेली.

एअरोटर, म्हणजे दात कोरायचं ड्रिल, सुरू झाला तसं पाण्याचे तुषार उडायला लागले. तो आवाज मला ओळखीचा होता, फक्त फार वरच्या पट्टीतला. मिनिटाला तीन-चार लाख फेरे. कूलंट बंद पडून टूल चालत राहिलं तर जॉबवर निळी झाक कशी येते हे मी शेकडो वेळा बघितलंय, त्यामुळं पाण्याची धार चालू आहे ना याकडंच माझा सगळा जीव लागला होता. नंतर वाचलं की त्याच 1965 साली झाक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांना बाहेरून मोजून उष्णता दिली होती. पल्पचं तापमान साडेपाच अंश सेल्सिअसनं वाढलं तरी सुमारे 15 टक्के दातांचा पल्प सावरला नाही. साडेपाच अंश! मोठा ताप चढतो त्याहून थोडाच जास्त फरक.

बाजूच्या भिंती स्वच्छ झाल्या तसा आवाज थांबला. मॅडमनी यंत्र ठेवलं आणि चमच्यासारखं टोक असलेलं बारीक हत्यार घेतलं. इथून पुढची पाच-सात मिनिटं मला सगळ्यात जास्त आठवतात. हातानं खरवडायचं काम. वरचे थर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे निघत होते. मला दिसावं म्हणून त्यांनी एक कपचा गॉझवर ठेवून दाखवला, तपकिरी, ओलसर, नखानं चेपला जाईल असा. खाली खाली जाताना तो चामड्यासारखा चिवट व्हायला लागला. भिंतीवर हत्यार फिरवलं की करकर आवाज येई, टणक डेंटिनचा. तळाशी तो आवाज येत नव्हता. आणि त्या तिथं थांबल्या.

मला राहवलं नाही. रबराच्या आडून कसंबसं विचारलं, “राहिली की अजून.”

“राहिलीय. मुद्दाम ठेवलीय,” त्या म्हणाल्या. “भिंतीला कणभर ठेवणार नाही, कारण झाकण तिथं चिकटायचंय. तळाला ओढत बसले तर पल्प उघडा पडेल. वरून हवाबंद केलं की या थरातल्या जंतूंचं खाणं तुटतं, कीड पुढं सरकायची थांबते.”

पूर्वी टणक लागेपर्यंत सगळं काढायची शिकवण होती. खोल किडीत तळाचा थर राखावा हे आता जगभरातले दंतवैद्य सांगतात, पण माझ्यासारख्या ‘बर्र (कापल्यावर कडेला उरणारी धार) राहता कामा नये’ म्हणणाऱ्या बाईला ते पचायला वेळ लागला. आरसा धरून त्यांनी तो तळ दाखवला. तपकिरी, कोरडा, एका कोपऱ्यात किंचित गुलाबी झाक. तो गुलाबीपणा म्हणजे पल्पच, पातळ डेंटिनमधून दिसणारा. माझ्याच शरीरातली ही जागा मी पहिल्यांदा बघत होते.

मग सिमेंट. आमच्याकडं कुणीही दाढ भरून आलं की ‘सिमेंट भरलं’ म्हणतात, मग आत काहीही असो. या वेळी ते अक्षरशः खरं होतं. बायोडेंटिन नावाच्या या औषधाचा मुख्य घटक ट्रायकॅल्शियम सिलिकेट, म्हणजे बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटमध्ये जो मुख्य असतो तोच, फक्त दातासाठी शुद्ध करून बनवलेला. याआधीचं एमटीए, 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियात तोराबिनेजाद यांनी पुढं आणलं, तेही याच घराण्यातलं. त्याच्याही आधी कित्येक दशकं कॅल्शियम हायड्रॉक्साइडवर भर होता. तो पल्पला डेंटिन बनवायला उठवतो, पण कमजोर, आणि वर्षांनी विरघळत जातो. सिलिकेट सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होताना स्वतःच कॅल्शियम हायड्रॉक्साइड सोडतं आणि तरी टिकतं. फायदा तोच, पाया मजबूत.

असिस्टंट मुलीनं कॅप्सूलमध्ये पाच थेंब मोजून टाकले, झाकण लावून छोट्या यंत्रात तीस सेकंद हलवलं. लोण्यासारखा पांढरा गोळा निघाला. मॅडमनी तो तळावर हलक्या हातानं बसवला, दाबला नाही. “आता बारा मिनिटं. बोलायचं नाही.” बाहेरच्या गल्लीत भाजीवाल्याची हाळी, आत घड्याळ. स्लॅब टाकल्यावर क्युरिंगचं पाणी मारत बसावं तशी मी बसले होते.

त्या दिवशी वर ग्लास आयोनोमरचा थर देऊन दाढ बंद केली. पक्कं भरण तीन आठवड्यांनी. मधल्या काळात पल्प काय म्हणतो ते बघायचं.

उठताना मी लवंगेचं विचारलं. लवंगेतल्या युजेनॉलनं खरंच आराम पडतो, त्या म्हणाल्या. झिंक ऑक्साइडबरोबर कालवून दंतवैद्य ते तात्पुरत्या भरणात वापरतातच. पण त्यानं कीड थांबत नाही, आणि जिथं नंतर कम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं पक्कं भरण, भरायचंय तिथं युजेनॉल राहिलं तर ते नीट घट्ट होत नाही. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग मी काय खोटं सांगितलं काय?” नव्हतंच सांगितलं.

पहिल्या रात्री दोन वाजता जाग आली. दाढ जड वाटत होती. ठणका आहे की नुसतं लक्ष जातंय, ठरवता येईना. जुन्या दाढेची ती रात्र आठवली आणि घाम फुटला. उठून स्वयंपाकघरात जाऊन बसले. आई आली, काही न बोलता शेजारी बसली. अर्ध्या तासानं लक्षात आलं की जडपणा वाढत नाहीये, नाडीबरोबर उडत नाहीये. झोप लागली.

दुसऱ्या दिवशी चावताना मात्र खट्‌कन लागलं. फोन केला, “मॅडम, दाबलं की दुखायलंय, येतो मी लगेच.” (आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना येतो-जातोच म्हणतो.) त्यांनी रंगीत कागद दातांत धरून चावायला लावला आणि ज्या ठिपक्याला रंग गडद लागला तेवढंच घासलं. आम्ही दोन पृष्ठभाग मिळतात का बघायला ब्लू लावतो, अगदी तसं. उंच राहिलेलं भरण रोज हजारदा त्या दाढेवर आपटत राहिलं असतं, आणि खाली आजारी पल्प. दोन मिनिटांचं काम, पण दुखतंय म्हणून घरी सोसत बसले असते तर वाया गेलं असतं सगळं.

या तीन आठवड्यांत मी मिळेल ते वाचलं. काकवीनंच का कळ आली, हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. डेंटिन भरीव नसतं, त्यात सूक्ष्म नळ्या असतात. पल्पच्या जवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये पंचेचाळीस हजारांच्या आसपास. नळ्यांत द्रव असतो. दाट गोड पदार्थ तो द्रव आपल्याकडं ओढतो, गारव्यानं तो आकसतो, आणि ती हालचाल पल्पमधल्या नसांना कळ म्हणून कळते. किडीनं वरचं आवरण खाल्लं की या नळ्यांची तोंडं उघडी पडतात. आणि पल्प बसलाय चारी बाजूंनी टणक भिंतीत. हाताला मार लागला तर सूज बाहेर येते; पल्पला सुजायला जागाच नाही.

पण तो स्वस्थ बसत नाही. त्याच्या कडेनं डेंटिन बनवणाऱ्या पेशींची रांग असते. धोका कळला की त्या आतून नवा थर चढवायला लागतात, दिवसाला साधारण दीड मायक्रॉन. माझ्या डिजिटल व्हर्निअरवर सगळ्यात लहान आकडा दहा मायक्रॉनचा. म्हणजे तो एक आकडा बदलायला दाढेला आठवडा लागतो. इन्स्पेक्शन टेबलावर बसून मी हे भावाला सांगितलं. त्यानं मशीन थांबवून परत सांगायला लावलं.

तीन आठवड्यांनी गारव्याची कळ निम्म्यावर आली होती. मॅडमनी वरचा थर उतरवला, खालच्या पांढऱ्या अस्तराला हात लावला नाही. मग बाँडिंग, आणि कम्पोझिट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत, प्रत्येक थराला वीस सेकंद निळा प्रकाश. दोन्ही वेळचे मिळून साडेचार हजार झाले. त्यांनी फाइलवर तारीख टाकली: सहा महिन्यांनी.

सप्टेंबरमध्ये गेले. आरव्हीजीत मुळाच्या टोकाशी काही काळं नव्हतं. सावली जिथं होती तिथं आता अस्तराचा पांढरा ठसा, आणि त्याखाली ती करडी रेघ. मला ती जाड झाल्यासारखी वाटली. मॅडम म्हणाल्या, एका फोटोवरून एवढं ठरवू नका. मग स्प्रेचा बोळा. वरच्या डाव्या दाढेच्या जागी माझ्या तोंडात आता नुसती हिरडी आहे, तिला गार-गरम काही नाही. त्यामुळं बोळा जवळ येताना, इतके दिवस जी कळ नको होती, तीच यावी म्हणून मी डोळे मिटून थांबले.

गार लागलं. मी हात वर केला. बोळा निघाला, आणि मनात मोजत होते, एक, दोन. तीनला काही नव्हतं.